तिसऱ्या गिअरवर वर्धनगड

२४ मे २०१२, सातारा

मध्यरात्रीपासून पेट्रोल साडेसात रुपयांनी महागलं. एका दमात इतकी वाढ यापूर्वी कधी झाली नव्हती. पेपरात दिल्लीचे दर आहेत: पेट्रोल ७३.१८, डिझेल ४०.९१. मुंबईत पेट्रोल ७८.५७ वर गेलं. आपल्याकडे आकडे थोडे इकडेतिकडे, पण दोन्हींतलं अंतर जवळपास तेच, लिटरमागे बत्तीस रुपये. पेट्रोलवरचं सरकारी नियंत्रण जून २०१० मध्ये उठलं, डिझेलवरचं ठेवलं. तेव्हापासून ही दरी रुंदावतच चालली आहे.

जनावरांच्या डॉक्टराची गाडी दारात उभी राहत नाही. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड या पट्ट्यात वर्षाला तीस हजारांच्या वर रनिंग होतं. यंदा माणात पाण्याची बोंब आहे, चारा छावण्या सुरू झाल्यात, म्हणजे ते आणखी वाढणार. २००७ ची पेट्रोल स्विफ्ट अजून ठणठणीत आहे, पण महिन्याचं पेट्रोल घरच्या किराण्याच्या केव्हाच वर गेलं.

२७ मे

रविवार. वही घेऊन बसलो. गाडी तीच घ्यायची, स्विफ्टच, फक्त डिझेलची. आकार अंगवळणी पडला आहे, दहिवडीपर्यंत तिचे सुटे भाग मिळतात, मागच्या सीटवर औषधांच्या पेट्या कशा बसवायच्या हे पाठ आहे. प्रश्न एवढाच की डिझेलसाठी जे जास्त मोजायचे ते परत कधी मिळणार.

त्याच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीत रस्त्यावर आणेपर्यंत सव्वा लाखाचा फरक पडतो. रस्ताकरही डिझेलला जास्त. जाहिरातीत डिझेलचं अॅव्हरेज २२.९ आणि पेट्रोलचं १८.६ छापलेलं असतं. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेत ठरलेल्या पद्धतीने काढलेले ते आकडे आहेत. त्या चाचणीत ना एसी, ना वर्धनगडचा घाट, ना म्हसवडकडचे खड्डे. माझ्या रस्त्यांवर पेट्रोलचे पंधरा आणि डिझेलचे एकोणीस धरले. पेट्रोलला किलोमीटरमागे ४.८८ रुपये, डिझेलला २.१५. बचत पावणेतीन रुपयांची. सव्वा लाख भरून निघायला सेहेचाळीस हजार किलोमीटर.

माझ्या रनिंगला दीड वर्ष. ठरलं.

३० मे

मिस्त्रींकडे गेलो. इतकी वर्षं माझी गाडी तेच बघतात, त्यांना विचारल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत असं ही म्हणाली, आणि ते बरोबरच होतं. त्यांनी जे सांगितलं ते लिहून ठेवतो.

पेट्रोलचं इंजिन ठिणगीवर चालतं. डिझेलला ठिणगी नाही, स्पार्क प्लगच नाही. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापते, मग त्यात डिझेल फवारलं की पेट घेतं. पेट्रोलमध्ये हवा आठ-दहा पटीने दाबली जाते, या इंजिनात सतरा पटीच्या वर. म्हणून ब्लॉक जड, म्हणून आवाज, म्हणून किंमत. शिवाय टर्बो. शिवाय कॉमन रेल, म्हणजे एकाच नळीत हजार बारच्या वर दाबाखाली डिझेल भरून ठेवायचं आणि संगणकाच्या हुकमाने नोझलमधून सोडायचं. ही पद्धत फियाटच्या संशोधकांनी घडवली, पुढे बॉशने ती हाती घेतली आणि १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ मध्ये ती प्रथम मोटारीत आली. स्विफ्टमध्ये बसतं ते १२४८ सीसीचं मल्टिजेटही मुळात फियाटचंच. तेच इंजिन टाटाच्या व्हिस्टात, तेच फियाटच्या पुंटोत. मारुतीने या जानेवारीत फियाटशी करार केला आहे, वर्षाला लाखभर इंजिनं पुण्याजवळच्या रांजणगावातून घ्यायची.

मिस्त्रींचं शेवटचं वाक्य: "डॉक्टर, पेट्रोलचं इंजिन हयगय सोसतं. हे सोसणार नाही. डिझेल स्वच्छ पाहिजे, ऑइल वेळेवर पाहिजे, एवढं केलं तर तुमच्या जन्माला पुरेल."

२ जून

बुकिंग केलं. पाच-सहा महिने थांबावं लागेल. डिझेलला रांग लागली आहे. पेट्रोलची पाहिजे तर पुढच्या आठवड्यात न्या, म्हणाले.

१४ जून

पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या ल्यों येथील कर्करोग संशोधन संस्थेने १२ तारखेला डिझेलचा धूर पहिल्या गटात टाकला, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांच्या यादीत. १९८८ पासून तो 'संभाव्य' गटात होता. अमेरिकेतल्या खाणकामगारांचा मोठा अभ्यास या निर्णयाला आधार झाला.

हे वाचून बुकिंग रद्द करावं का, असा विचार दिवसभर डोक्यात होता. मी प्राण्यांचा का होईना, डॉक्टर आहे. फुप्फुसात काजळी बसली की काय होतं ते मी कापून पाहिलेलं आहे. शेवटी असं ठरवलं: छावणीत, शाळेजवळ, गोठ्याच्या तोंडाशी इंजिन चालू ठेवून उभं राहायचं नाही. पीयूसी वेळेवर, फिल्टर वेळेवर. नव्या इंजिनाचा धूर जुन्या जीपपेक्षा पुष्कळ कमी हे खरं, पण पुणे-सोलापूरला भारत-४ चं डिझेल मिळतं, त्यात गंधक दशलक्षात ५० भाग. माण-खटावच्या पंपांवर अजून भारत-३, त्यात ३५०. शहराला स्वच्छ डिझेल आणि गावाला गंधकाचं, हे मला पटत नाही. गावातली फुप्फुसं काही वेगळी नसतात.

२० जुलै

मारुतीच्या मानेसरच्या कारखान्यात बुधवारी दंगल झाली. एका अधिकाऱ्याचा जीव गेला, कितीतरी जखमी. स्विफ्ट तिथेच बनते. शोरूममधून फोन आला की तारीख सांगता येणार नाही. ज्या घरातला माणूस गेला त्या घरापुढे माझ्या तारखेला काय किंमत!

२१ ऑगस्ट

मानेसर पोलिस बंदोबस्तात पुन्हा सुरू. मधल्या काळात जुनी गाडी कोरेगावच्या एका गुरुजींना द्यायचं नक्की झालं, नवी आल्यावर. घर ते शाळा आणि सुट्टीत पंढरपूर एवढंच त्यांचं रनिंग. त्यांना पेट्रोलच बरं.

आज दुपारी छावणीत कोपऱ्यात पाणी उपसायला लावलेलं जुनं ऑइल इंजिन ऐकलं. एकच सिलिंडर, सावकाश ठोके. आमच्या विहिरीवर असंच होतं. वडील हँडल मारायचे, डीकॉम्प्रेशनची कळ सोडायचे आणि पहिला ठोका पडला की आम्ही पोरं पाटाकडे पळायचो. या जिल्ह्याचं डिझेलशी नातं जुनं आहे. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात स्वातंत्र्यापूर्वीच डिझेल इंजिनं बनत होती. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधानही होते. १९४६ पासून पुण्यात खडकीला किर्लोस्करांची इंजिनं सुरू झाली आणि विहिरीवरची मोट गेली. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली ऑग्सबुर्गला आपलं इंजिन चालवून दाखवलं, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तसंच एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं. आमच्या शेंगेच्या मुलखात हे कुणाला माहीत नसावं याची हळहळ वाटते. डिझेल इंजिन आधी राबणाऱ्यांचं होतं, मोटारवाल्यांचं फार नंतर झालं.

१४ सप्टेंबर

डिझेल पाच रुपयांनी वाढलं. दिल्लीत कर धरून ४१.३२ चं ४६.९५. अनुदानाचे गॅस सिलिंडरही वर्षाला सहाच. हिने सकाळीच गॅसचं कार्ड काढून मोजायला घेतलं.

माझाही हिशेब पुन्हा मांडला. मेपासून पेट्रोल थोडं उतरून ६८.४६ वर आलं आहे. म्हणजे किलोमीटरमागे पेट्रोल ४.५६, डिझेल २.४७. बचत दोन रुपये नऊ पैसे. सेहेचाळीस हजारांचे साठ हजार झाले, आणि गाडी अजून दारात यायची आहे.

पण छावणीत आज जे ऐकलं त्यापुढे माझे साठ हजार काहीच नाहीत. पाण्याचे टँकर डिझेलवर, उसाचं वाडं घेऊन येणारे ट्रक डिझेलवर, पाऊस पडलाच तर नांगरट डिझेलवर. एक आबा म्हणाले, "डागदर, पाऊस न्हाई तर न्हाई, पर डिजल तरी जाग्याव ऱ्हावं का न्हाई?" काय उत्तर देणार? डिझेलचा भाव इतकी वर्षं दाबून ठेवला तो या माणसासाठी, एसटीसाठी, ट्रॅक्टरसाठी. त्यातला वाटा मी मोटारीच्या टाकीत भरून घेणार आहे. किरीट पारीख समितीने २०१० मध्येच सुचवलं होतं की डिझेल मोटारींवर ऐंशी हजार रुपये जादा अबकारी कर घ्यावा. ती शिफारस तशीच राहिली. लागू झाली असती तर मी तो कर भरला असता आणि माझ्या रनिंगला डिझेल तरीही परवडलं असतं, फक्त उशिरा. पुण्यात रोज दहा किलोमीटर चालवणाऱ्याने डिझेल घेतलंच नसतं, आणि तेच योग्य झालं असतं.

१६ सप्टेंबर

बोलाफुलाला गाठ पडली. रात्री पुण्याहून भाच्याचा फोन. "मामा, मीपण डिझेल बुक करतोय. ऑफिसात सगळ्यांनी डिझेलच घेतली."

रनिंग किती, विचारलं. सिंहगड रोड ते कोथरूड, जाऊन-येऊन पंधरा-सोळा किलोमीटर, शनिवार-रविवार सुट्टी, महिन्यातून एकदा सातारा. वर्षाला फार तर साडेसहा हजार. साठ हजाराला भागून त्यालाच उत्तर काढायला लावलं. नऊ वर्षं. त्यात डिझेलची सर्व्हिस महाग, क्लच जड, आणि सिंहगड रोडच्या गर्दीत पहिला-दुसरा गिअर. टर्बो जागा व्हायच्या आधीच पुढचा सिग्नल. तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण मामा, विकताना डिझेलला जास्त किंमत येते ना?" आज येते. भाव एक झाले की येईल का, याची खात्री कोण देणार? आईशी बोलून ठरव, म्हटलं.

२४ ऑक्टोबर, दसरा

गाडी आली. पांढरी. हिने हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, लिंबं ठेवली. मी आधी टाकीच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत 'डिझेल' लिहिलेली पट्टी चिकटवली. पंपावरची पोरं ओळखीची आहेत, गाडी दिसली की हात सवयीने पेट्रोलच्या नळीकडे जातो. डिझेलच्या पंपाला आणि नोझलला वंगण डिझेलचंच मिळतं. पेट्रोल गेलं की ती कोरडी घासतात आणि दुरुस्ती लाखाच्या घरात जाते.

२८ ऑक्टोबर

आज वर्धनगड. या घाटासाठीच इतके दिवस थांबलो होतो.

जुन्या गाडीत कोरेगाव सोडलं की मी मनातल्या मनात तयारी करायचो. चढ लागला की एसी बंद, दुसरा गिअर, इंजिन ओरडायला लागेपर्यंत दाबायचं. तिची ताकद ८७ अश्वशक्ती, कागदावर नव्या गाडीपेक्षा जास्त. नवीची ७५ च. पण पेट्रोलचा सगळा जोर वरच्या फेऱ्यांत. टॉर्क ११३, तोही साडेचार हजार फेऱ्यांवर. घाटात साडेचार हजार फेऱ्या धरून कोण चालवतं? डिझेलचा टॉर्क १९० आणि तो दोन हजारांवरच हातात येतो.

तिसरा टाकला. काटा दोन हजारांच्या जरा वर. मागे पेट्या, बाजूला कंपाउंडर, एसी चालू. गाडी तिसऱ्यावरच चढली. पाय जास्त दाबावाच लागला नाही. चढावर खिलार बैल मान खाली घालून ओढतो, तसं हे इंजिन ओढतं. गडाच्या पायथ्याच्या वळणापर्यंत मी आणि कंपाउंडर दोघेही बोललो नाही, नुसते ऐकत होतो.

मात्र एका वळणावर समोरून उसाची ट्रॉली आली. थांबलो, आणि पुन्हा निघताना दुसऱ्यावर काढायला गेलो तर गाडी बसली. दीड हजारांच्या खाली टर्बो झोपलेला असतो आणि तेव्हा हे इंजिन नुसतं जड असतं. पहिला टाकला, काटा वर आला, मग निघाली. पेट्रोलमध्ये पायाने जे सावरून घेता यायचं, ते इथे गिअरने आधीच ठरवावं लागतं. वळणाच्या आधी गिअर उतरवायचा, वळणात नाही. खिंडीत वर पोचल्यावर अर्धा मिनिट इंजिन नुसतं फिरू दिलं आणि मग बंद केलं. लाल झालेल्या टर्बोला ऑइल मिळत राहायला हवं, ही मिस्त्रींची ताकीद.

उतारावर आणखी एक फरक कळला. नाक जड आहे. वळणात पुढचा भाग बाहेर जाऊ पाहतो. वेग आधी कमी करावा लागतो.

९ नोव्हेंबर

पंप बदलला. एका ठिकाणी भरल्यावर दोन दिवस इंजिन खरखरत होतं. काही सिद्ध करता येणार नाही, म्हणून कुणाचं नाव घेत नाही. तिथे पुन्हा जाणार नाही एवढंच. रेशनचं निळं रॉकेल स्वस्त आहे तोवर ते डिझेलमध्ये मिसळणारे राहणार. या भेसळीला आडवे गेले म्हणून मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ जिवंत जाळलं. ज्या तऱ्हेच्या सरकारी भावफरकावर माझी बचत उभी आहे, तसल्याच भावफरकाने हा धंदा पोसला. रॉकेलने वंगण तुटतं, नोझल जातं, ते पैशांनी नवं आणता येतं. सोनवणे परत येणार नाहीत.

१८ डिसेंबर

माणातली थंडी. पहाटे दहिवडीत मुक्काम करून निघताना हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबतो, मग किल्ली फिरवतो. ऑइल पट्टीवर काढून पाहिलं तर काळंकुट्ट. घाबरायचं नाही, डिझेलचं ऑइल काजळी पोटात घेतं म्हणूनच काळं होतं. डिझेल फिल्टरच्या तळातलं पाणी मिस्त्रींनी समोर काढून दाखवलं. चमचाभर होतं.

अॅव्हरेज: टाकी गळ्यापर्यंत भरून दोनदा मोजलं. एकोणीसच्या थोडं वर.

१९ जानेवारी २०१३

परवा केंद्राने ठरवलं: डिझेल दर महिन्याला पन्नास पैशांपर्यंत वाढवायचं. माझ्यासारख्याला हे ठीक, आधीच व्हायला हवं होतं. पण त्याच निर्णयात घाऊक ग्राहकांना पूर्ण बाजारभाव लावला आहे. म्हणजे रेल्वे, म्हणजे एसटी. किरकोळ पंपावर दिल्लीत ४७.६५, घाऊक घेणाऱ्याला लिटरमागे नऊ-दहा रुपये जास्त.

चीड येते. म्हसवडच्या बाया-माणसांना दवाखान्यात आणणारी लाल गाडी माझ्या मोटारीपेक्षा महाग डिझेल जाळणार. उलटं करायला हवं होतं.

२२ फेब्रुवारी

एसटीच्या गाड्या आता डेपोऐवजी रस्त्यावरच्या पंपावर रांगेत उभ्या दिसतात, आमच्यासारख्यांच्या भावाने डिझेल घ्यायला. महामंडळाने दुसरं काय करावं? आज पंपावर माझ्यापुढे एक एसटी होती. ड्रायव्हरदादांनी हाताने खूण केली, तुम्ही घ्या आधी. मी नाही म्हटलं.

१९ ऑक्टोबर २०१४

आज विधानसभेचे निकाल, सगळे टीव्हीसमोर. त्या गडबडीत कालची मोठी बातमी कुणाच्या तोंडी नाही: डिझेलवरचं नियंत्रण उठलं. कच्चं तेल उतरल्याने उठतानाच ते स्वस्त झालं, दिल्लीत ३.३७ रुपयांनी, आता ५५.६०. पेट्रोल ६६.६५. बत्तीस रुपयांचं अंतर अकरावर आलं. महिन्याला पन्नास पैसे करत करत ते गुपचूप मिटत गेलं. मला याचा आनंद आहे. स्वस्ताई ज्यांना द्यायची, त्यांना सरळ द्यावी. टँकरला द्या, एसटीला द्या. माझ्या टाकीतून वाट काढून देऊ नका.

जुनी वही काढून तोच हिशेब तिसऱ्यांदा मांडला. किलोमीटरमागे पेट्रोल ४.४४, डिझेल २.९३. बचत दीड रुपया. आज कुणी ही गाडी घेतली, तर सव्वा लाख फिटायला ब्याऐंशी हजार किलोमीटर लागतील. माझ्या मीटरवर सदुसष्ट हजार आहेत; सुरुवातीची बचत मोठी होती म्हणून फरक आत्ता कुठे भरून येत आला आहे. ठरवलं होतं दीड वर्ष, लागली जवळपास दोन. इंजिनाची तक्रार नाही. घाट, भार, लांबचा पल्ला हे जे काम मी त्याला दिलं, ते त्याने चोख केलं.

भाच्याने पेट्रोलची घेतली आणि तो सुखात आहे. त्याचे दोन मित्र दिवाळीत गाडी घेणार आहेत, त्यांनी माझा सल्ला मागितला आहे. उद्या फोन करीन. जाहिरात बाजूला ठेवा, शेजाऱ्याची गाडीही बाजूला ठेवा, गेल्या वर्षाची सर्व्हिस बुकं काढा आणि मीटर बघा. वर्षाला वीस हजारांच्या आत असाल तर डिझेल घेऊ नका.